दंड पाचशेचा, कपात लाखांची

दुचाकीस्वाराने नुकसानभरपाईचा दावा लावला की समोरच्या गाडीच्या विमा कंपनीची कैफियत येते. पक्षकारांची नावे, गाड्यांचे नंबर आणि अपघाताची तारीख बदला, बाकी मजकूर तोच: अर्जदार आपली लेन सोडून, भरधाव वेगाने, रहदारीचे नियम धाब्यावर बसवून वाहन चालवत होता, म्हणून अपघाताला तो स्वतःच जबाबदार आहे. अपघाताच्या वेळी कंपनीचा एकही माणूस तिथे नसतो. ज्याने धडक दिली तो चालक बहुतेक वेळा साक्षीच्या पिंजऱ्यात येतही नाही. तरी हे वाक्य इतक्या ठामपणे लिहिलेले असते की वाचणारा जखमी माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागतो. दावेदार म्हणून मी हे वाक्य वाचले आहे आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या प्रकरणाची हकीकत इथे सांगत नाही, तिचा इतरांना उपयोग नाही. उपयोग आहे तो त्या वाक्यातली चलाखी ओळखण्याचा. लेनचा नियम मोडला का, हा एक प्रश्न. त्या मोडण्यामुळे अपघात झाला का, हा दुसरा. कैफियत पहिल्याचे उत्तर देते आणि दुसऱ्याचे मिळाल्यासारखे पुढे निघून जाते. दावेदाराने तिला तिथेच अडवायचे असते. तिथे अडवले नाही तर पुढे सगळे भांडण फक्त टक्क्यांचे उरते.

नियम काय आहे ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११८ खाली वाहन चालवण्याची विनियमने केंद्र सरकार करते. १९८९ ची जुनी विनियमने जाऊन २०१७ साली नवी आली. गाभा तोच राहिला: डावी बाजू धरा, पट्टे आखलेले असतील तर पट्ट्यात राहा, पट्टा बदलताना इशारा द्या, ओव्हरटेक उजवीकडून करा, पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर ठेवा. मोटारसायकल हे कायद्याच्या नजरेत पूर्ण मोटार वाहन आहे. ट्रकला पट्ट्याचा जितका हक्क, तितकाच तिलाही. दोन पट्ट्यांच्या मधून पुढे सरकण्याची वेगळी मुभा मात्र आपल्याकडे तिला नाही. हे झाले कागदावरचे. रस्त्यावर डावी कड म्हणजे गटाराची झाकणे, उखडलेला डांबराचा काठ, थांबलेल्या रिक्षा, अचानक उघडणारी दारे आणि थांब्यावर घुसणारी बस. शहाणा दुचाकीस्वार तिथून थोडा आत चालतो आणि त्याने तसेच चालावे. पण अपघात झाला की तेच शहाणपण त्याच्यावर उलटते. डावीकडे असला तर तो ‘चालकाला दिसत नव्हता’, उजवीकडे असला तर ‘वेगवान लेनमध्ये घुसला होता’, मधे असला तर ‘रस्त्याच्या मधोमध चालला होता’. दुचाकीने कुठे चालावे म्हणजे कंपनीचे समाधान होईल, याचे उत्तर कुठल्याही कैफियतीत सापडत नाही.

आता या दोषारोपाची किंमत बघा. विनियमनांच्या भंगाला कलम १७७ अ प्रमाणे दंड आहे पाचशे ते हजार रुपये. संसदेने लेन मोडण्याचे मोल तेवढे ठरवले आहे. मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर तोच भंग ‘अंशदायी निष्काळजीपणा’ बनला की हिशेब टक्क्यांत होतो. भरपाई वीस लाख ठरली आणि वीस टक्के दोष दुचाकीस्वाराच्या माथी मारला, तर चार लाख गेले. हे चार लाख दंड म्हणून सरकारजमा होत नाहीत, ते विमा कंपनीच्या खिशात राहतात. म्हणूनच लेनचा मुद्दा कंपनीला इतका प्रिय असतो. त्यासाठी अपघात नाकारावा लागत नाही, चालकाचा बचाव करावा लागत नाही, वैद्यकीय बिले खोटी म्हणावी लागत नाहीत. थोडा संशय निर्माण केला की दहा, वीस, तीस अशा गोल आकड्यांत कपात होते. हे आकडे नेहमी गोलच का असतात, याचा विचार करा. मोजमाप झाले असते तर कधीतरी सतरा टक्के आले असते.

सर्वोच्च न्यायालयाने या चलाखीला उत्तर दिलेले आहे, फक्त ते सांगणारा वकील हवा. मोहम्मद सिद्दीक विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स या २०२० च्या निकालात मोटारसायकलवर तिघे होते. दोघांपेक्षा जास्त बसणे हा कायद्याचा सरळ भंग. कारने मोटारसायकलला मागून धडक दिली. उच्च न्यायालयाने तिघे बसल्याच्या कारणाने दहा टक्के कापले. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. कारण स्पष्ट होते: नियमभंगाने अपघात घडण्याला किंवा जखमा वाढण्याला हातभार लावला असे सिद्ध झाले पाहिजे, नुसता भंग पुरेसा नाही. त्याआधी २००८ मध्ये सुधीर कुमार राणा प्रकरणात आणि २०१८ मध्ये दिनेश कुमार प्रकरणात परवाना नसण्याबद्दल न्यायालयाने हीच भूमिका घेतली. परवाना नसेल तर त्याची शिक्षा वेगळी. पण गाडी नीट चालवत असलेल्या माणसाला दुसऱ्याने ठोकले, तर केवळ परवाना नाही म्हणून तो त्या धडकेचा वाटेकरी ठरत नाही. लेनला हाच न्याय लावा. दुचाकी पट्ट्याच्या रेषेवर होती असे गृहीत धरू. मागून येणारा टेम्पो चालक मोबाइलवर बोलत असेल, तर ती पट्ट्याच्या मध्यावर असती तरी तो धडकलाच असता. मग रेषेचा संबंध काय? हा प्रश्न उलटतपासात, लेखी युक्तिवादात आणि गरज पडल्यास अपिलात, तिन्ही ठिकाणी विचारला गेला पाहिजे.

लेनच्या आरोपाचा आधार बहुतेक वेळा एकच कागद असतो, घटनास्थळाचा पंचनामा. त्यात दुचाकी कुठे पडलेली दिसली ते लिहितात: दुभाजकापासून इतके फूट, डाव्या कडेपासून इतके. ती धडक कुठे बसली याची नोंद नव्हे. शंभर-सव्वाशे किलोची गाडी ट्रकच्या धक्क्याने किती लांब आणि कुठल्या दिशेला फेकली जाईल, हे वेगावर, कोनावर आणि रस्त्याच्या उतारावर ठरते. त्यात पोलीस पोहोचण्याआधी लोक वाहतूक मोकळी व्हावी म्हणून ती उचलून बाजूला ठेवतात. जखमी माणूस तोवर रुग्णालयात गेलेला असतो. पंचनाम्यात त्याची बाजू सांगणारा कोणी नसतो, उलट धडक देणारा चालक बऱ्याचदा तिथेच उभा असतो. २०१३ च्या जिजू कुरुविला निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की अपघातानंतर वाहने ज्या जागी सापडली, केवळ त्यावरून कोणाचा निष्काळजीपणा होता हे ठरवता येत नाही. प्रत्यक्ष पुरावा समोर असताना तर नाहीच. तरीही पंचनाम्याचा नकाशा हाती धरून दुचाकीस्वाराला ‘चुकीच्या लेनमध्ये’ टाकण्याचा उद्योग थांबलेला नाही. नकाशावर फुली मारणे सोपे असते आणि हाड मोडलेल्या माणसाला ती फुली खोडणे महागात पडते.

इथे कोणी २०२५ चा एस. मोहम्मद हक्कीम प्रकरणाचा निकाल पुढे करील, आणि तो पुढे करायलाच हवा. जानेवारी २०१७ मध्ये कोइमतूरजवळ महामार्गावर एका कारचालकाने अचानक ब्रेक दाबला. मागचा मोटारसायकलवरचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी कारवर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. गर्भवती पत्नीला मळमळू लागल्याने थांबलो, असे कारचालकाचे म्हणणे होते. महामार्गावर मागच्यांना इशारा न देता गाडी मधेच थांबवण्याचे हे समर्थन होऊ शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. दोषाची वाटणी झाली ती अशी: कार पन्नास, बस तीस, विद्यार्थी वीस टक्के. पुरेसे अंतर ठेवले नाही आणि परवाना नव्हता, ही त्याच्या वीस टक्क्यांची कारणे. सुमारे १ कोटी १४ लाखांची भरपाई त्यामुळे सुमारे ९१ लाखांवर आली. म्हणजे आमचा मुद्दा खोटा पडला का? नाही. अंतर न ठेवणे थेट अपघाताशी जोडलेले आहे. त्याबद्दल कपात झाली तर ती माझ्याच कसोटीत बसते. २०१८ च्या निशान सिंग प्रकरणात ट्रकवर मागून आदळणाऱ्या कारच्या चालकालाही न्यायालयाने याच कारणाने दोषी धरले होते. परवान्याचा उल्लेख मात्र आधीच्या निकालांशी जुळवणे कठीण जाते, हे मी बोलून दाखवतो. याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट पाहा. घटना तीच, कागदपत्रे तीच. न्यायाधिकरणाने कारला शून्य, बसला ऐंशी आणि मुलाला वीस टक्के दिले. उच्च न्यायालयाने कारला चाळीस, बसला तीस, मुलाला तीस. सर्वोच्च न्यायालयाने तिसरीच वाटणी केली. त्या मधल्या दहा टक्क्यांत अकरा लाखांहून जास्त रुपये होते. कंपनी ज्याला ठाम सत्य म्हणून मांडते त्या टक्केवारीची मजबुती एवढीच आहे, म्हणून पहिल्या पायरीवर मान डोलावू नका.

दुसरा आक्षेप रोजचा आहे: दुचाकीवालेच बेशिस्त असतात, नागमोडी जातात, मग कापली भरपाई तर काय बिघडले? यातला पहिला भाग मी नाकारत नाही. ट्रकच्या डाव्या बाजूने, तो वळत असताना, फटीतून पुढे जाऊ पाहणाऱ्याचा दोष ठरला तर मला त्याची कणव नाही. पण ‘दुचाकीवाले’ नावाचा कोणी माणूस दावा लावत नसतो. दावा एका व्यक्तीचा असतो, एका दिवशीच्या एका धडकेबद्दल. इतरांच्या वागण्याचा भुर्दंड तिला लावता येत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. इतक्या मोठ्या संख्येला ‘त्यांचीच चूक’ म्हणून निकालात काढणे सोयीचे आहे, खरे नाही. शिवाय दोन रांगांच्या मधून सावकाश पुढे जाणे हे मुळातच घातक, ही समजूतही सगळीकडे मान्य नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने १ जुलै २०१४ पासून ताशी ३० किलोमीटरपर्यंत त्याला परवानगी दिली. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदा करून त्याची व्याख्याच केली. त्याआधी बर्कली विद्यापीठाच्या अभ्यासात सुमारे सहा हजार अपघातग्रस्त मोटारसायकलस्वार तपासले, तेव्हा रांगांमधून जाणाऱ्यांना मागून धडक बसण्याचे आणि डोक्याला मार लागण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. आपल्याकडेही तसे करा, असा याचा अर्थ नाही. आपले रस्ते वेगळे, नियमही वेगळे. अर्थ इतकाच की रेषेवर असणे आणि धोका निर्माण करणे या एकच गोष्टी नव्हेत.

तिसरा आक्षेप विमा क्षेत्राकडून येतो: दावे फुगवले जातात, खोटेही असतात, आणि भार शेवटी हप्ता भरणाऱ्या सगळ्यांवर पडतो. खोटे दावे असतात, मान्य. त्यांना पकडण्याचा मार्ग तपासाचा आहे, खऱ्या जखमींवर सरसकट कपात लादण्याचा नाही. दुचाकीस्वारही थर्ड पार्टीचा हप्ता सक्तीने भरतो, हे या युक्तिवादात सोयीस्करपणे विसरले जाते. पुराव्याचा मुद्दा तर त्याहून महत्त्वाचा. न्यायाधिकरणात फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, अधिक संभवनीय काय ते पाहतात. बिमला देवी प्रकरणापासून (२००९) हे पक्के आहे. आणि जो दुचाकीस्वाराचा वाटा असल्याचे म्हणतो, त्यानेच तो सिद्ध करायचा असतो. सिद्ध करायला सर्वात जवळचा साक्षीदार म्हणजे धडक देणारा चालक. कंपनी त्याला बोलावत नाही, कारण उलटतपासात तो काय बोलेल याची तिला खात्री नसते. तुमच्या वकिलाने हे मौन नोंदवून घेतले पाहिजे: चालक हयात आहे, पत्ता ठाऊक आहे, तरी तपासला नाही, तेव्हा प्रतिकूल निष्कर्ष काढावा. न मागता हे कोणी देत नाही.

हेल्मेट आणि मागे बसणारा, हे दोन मुद्दे याच कसोटीचे. हेल्मेट नसल्याने अपघात होत नाही, डोक्याची इजा वाढते. पाय मोडलेल्या माणसाच्या भरपाईतून हेल्मेटपायी पैसे कापायला निघाले तर कारण विचारा. डोक्याला मार लागला असेल तर मात्र हा वाद तुम्ही हरू शकता, म्हणून हेल्मेट घाला. कलम १२९ साठी नको, स्वतःसाठी. मागे बसलेल्याची बाब वेगळीच आहे. पुढच्याची चूक असली तरी ती मागच्याच्या खात्यावर टाकता येत नाही. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली, की तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, हे खेन्येई प्रकरणात (२०१५) ठरले आहे. नवरा चालवत होता म्हणून मागे बसलेल्या बायकोच्या रकमेतून कपात केली जात असेल, तर ती मान्य करू नका. तिचा अर्ज वेगळा, तिचा हिशेब वेगळा.

आता सल्ला. सगळ्यात आधी रुग्णालयाचा कागद. दाखल करताना घाबरलेला नातेवाईक ‘गाडीवरून पडला’ एवढेच सांगतो, डॉक्टर तेवढेच लिहितात, आणि वर्षभराने कंपनी तो कागद काढून म्हणते की दुसरे वाहन नव्हतेच. म्हणून धडक कोणत्या वाहनाने दिली, हे पहिल्याच नोंदीत लिहायला लावा. दुसरे, फिर्याद आणि जबाब सही करण्याआधी पूर्ण वाचा. जखमीला वाचता येत नसेल तर वाचून घ्या. ‘अचानक समोर आलो’ असे मोघम शब्द खोडायला सांगा आणि धडक मागून, बाजूने की समोरून बसली ते नेमके लिहून घ्या. तिसरे, दोन्ही गाड्यांचे फोटो दुरुस्तीआधी काढा. मागचा दिवा फुटला, मडगार्ड आत गेले, सायलेन्सर उजवीकडून चेपला, या खुणा पंचनाम्याच्या फुटांपेक्षा खरे बोलतात. चौथे, आसपासच्या दुकानांचे सीसीटीव्ही चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते. पोलिसांची वाट न पाहता ते जपून ठेवण्याची लेखी विनंती करा. पाचवे, पोलिसांच्या कागदांचा पाठपुरावा करा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. जायला हवा, असेच म्हणतो.

मुदतीचेही बघा. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ खालचा अर्ज सहा महिन्यांत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि केवळ उशिराच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर घर बांधू नये, सहा महिन्यांत अर्ज करा. तो तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो, अपघाताच्या जिल्ह्यात खेटे घालण्याची गरज नाही. चूक कोणाची या वादात शिरायचेच नसेल तर कलम १६४ आहे: मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. पण हात-पाय गेलेल्या माणसाने त्यावर समाधान मानण्याआधी हिशेब करावा. राज कुमार प्रकरणाने (२०११) सांगितले आहे की अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमावण्याची क्षमता किती गेली, या वेगळ्या गोष्टी आहेत. गवंड्याचा पाय आणि कारकुनाचा पाय यांचा हिशेब एक नसतो. तडजोडीचा अधिकारी घरी येऊन गोड बोलेल. पूर्ण उपचार संपेपर्यंत ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या कागदावर सही नको. दुसरे वाहनच नसेल, म्हणजे खड्ड्यात घसरून पडलात, तर समोरच्या कोणाच्या विम्याचा प्रश्न येत नाही. तेव्हा गाडीच्या मालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमाच उपयोगी पडतो. तो चालू आहे का ते आज बघा. बाकीचे तुम्हाला माहीतच आहे: दारू पिऊन चालवू नका, इशारा द्या, कागद जपा, चांगला वकील शोधा.

आणि निकाल लागल्यावर शेवटच्या पानावरची रक्कम बघून थांबू नका. तुमच्याकडे किती टक्के दोष टाकला आणि त्याचे कारण काय दिले, हे परिच्छेद शोधून वाचा. ‘अर्जदाराने लेनची शिस्त पाळली नाही’ एवढ्यावर कपात झाली असेल आणि त्यामुळे धडक कशी बसली याचे एकही वाक्य निकालपत्रात नसेल, तर कलम १७३ खाली उच्च न्यायालयात जायला नव्वद दिवस असतात. वादातली रक्कम लाखाच्या आत असेल तर ते दार बंद आहे, म्हणून हे भांडण खालच्याच पायरीवर पूर्ण भांडा. लेन सोडल्याचा दंड पाचशे ते हजार रुपये आहे. तो मागितला तर भरून मोकळे व्हा. त्याहून जास्त मागणाऱ्याला कारण सिद्ध करायला लावा.